घरी इंडोनेशियन साते कसे करावेत? माझं चिकन कोरडं पडतं आणि शेंगदाण्याची चटणी पीनट बटरसारखी लागते.

साते म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यांवर भाजलेले मांसाचे तुकडे. तुम्ही ते बहुतेक टिक्क्यासारखे करताय, म्हणजे मोठे तुकडे, बराच वेळ मुरवण आणि सावकाश भाजणं. सात्यांना बारीक तुकडे आणि धगधगते निखारे लागतात.

मी मादुरा बेटाच्या पद्धतीचे चिकन साते करते. अर्धा किलो बोनलेस लेग पीस घ्या. ब्रेस्ट घेऊच नका, कोरडं पडण्याचं अर्धं कारण तेच. तुकडे बोटाच्या पेराएवढे, एका काडीला चार-पाच, मधे एखादा चरबीचा किंवा कातडीचा तुकडा. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा.

खरी चव आहे केचाप मानिसची, म्हणजे गोड, दाट सोया सॉसची. बाटली मिळाली तर उत्तमच. नाहीतर एक वाटी सोया सॉस, एक वाटी गूळ (ताडगूळ मिळाला तर फारच छान), ठेचलेलं आलं, दोन लसूण पाकळ्या आणि एक चक्रीफूल मंद आचेवर काकवीइतकं दाट होईपर्यंत आटवा. सोया सॉस घेताना लेबल वाचा, व्हिनेगर असलेला आंबट लागतो.

चटणीसाठी पीनट बटर विसरा. वाटीभर कच्चे शेंगदाणे सालीसकट तेलात तळा, त्याच तेलात चार पाकळ्या लसूण आणि दोन-तीन लाल मिरच्या परता. सगळं जाडसर वाटून पाणी, थोडा गूळ आणि मीठ घालून कडेला तेल सुटेपर्यंत शिजवा. हे तेल सुटणं महत्त्वाचं आहे, तोवर कच्चट वास जात नाही.

आता भाजणं. मादुराला लागून असलेल्या जावा बेटावरच्या सुराबाया शहरात राहत असताना मी मादुरी सातेवाल्यांकडे तासन्‌तास बघत उभी राहायचे. काड्या अर्धवट भाजल्या की ते त्या उचलून चटणी, केचाप आणि थोडं तेल एकत्र केलेल्या थाळीत घोळवतात आणि पुन्हा निखाऱ्यांवर टाकतात. तेल ठिबकतं, भपकन धूर उठतो, पंखा जोरात चालतो आणि गूळ कडांना करपायला लागतो. मुरवण्याचं काम हे घोळवणंच करतं. घरी हे नक्की करा, शक्यतो दोनदा.

जाळी लागत नाही. दोन विटा समांतर ठेवा, मधे निखारे, काड्यांची टोकं विटांवर. करवंटीचा कोळसा मिळाला तर तोच घ्या, तिकडेही तो वापरतात आणि आपल्या कोकणात करवंट्यांना तोटा नाही. फ्लॅटमध्ये असाल तर बिडाचा तवा कडकडीत तापवा. धुराची चव येणार नाही, पण कडा करपतील.

वाढताना चटणीवर केचापची धार, चिरलेले छोटे कांदे, हिरवी मिरची, लिंबू. सोबत लोंतोंग, म्हणजे केळीच्या पानात शिजवलेला भाताचा घट्ट रोल. आपला इंद्रायणी चिकट असल्याने त्याचा मऊ भात पानात दाबून गार केला तरी छान वड्या पडतात.

मटणाचे करणार असाल तर कोवळं घ्या आणि तुकडे आधी अर्धा तास पपईच्या पानात गुंडाळून ठेवा. मध्य जावात मटणाला बहुतेक वेळा शेंगदाण्याची चटणी देत नाहीत. केचाप, कांदा, मिरची आणि टोमॅटो एवढंच, आणि मला तर मटणाला तेच जास्त आवडतं.