वॅट धरू नकोस, तापमान धर

प्रिय मित्रा,

खेळाडूंना उष्णतेची सवय लावायचा तुझा आराखडा वाचला. ३५ अंश, ६० टक्के आर्द्रता, दहा दिवस, रोज सायकलवर १५० वॅटने एक तास. कागदावर नेटका दिसतो, पण चार-पाच दिवसांनी त्याचा जोर ओसरेल. शरीर सरावलं की त्याच १५० वॅटला आतलं तापमान पहिल्याइतकं चढत नाही आणि बदल घडवतं ते चढलेलं तापमानच. म्हणून पहिल्या पंचवीस-तीस मिनिटांत ते ३८.५ अंशांवर आण, मग भार उतरव आणि पुढचा तासभर ते तिथेच राहील एवढंच पॅडल मारू दे. आठव्या दिवशी तिथवर पोचायला जास्त वॅट लागले, तर गाडी रुळावर आहे असं समज.

मोजायचं गुदमार्गातून, प्रोब (तापमान मोजणारी बारीक लवचिक नळी) साधारण १० सेंमी आत. खेळाडू कुरकुरतील, पण कपाळावरचं किंवा कानातलं यंत्र घामात आणि पंख्याच्या वाऱ्यात सर्रास फसवतं. गिळायची कॅप्सूल चालेल, पण ती काही तास आधी द्यायला हवी. ती पोटातच असली, तर गार पाण्याच्या एका घोटासरशी आकडा धाडकन खाली येतो आणि तू उगाच भार वाढवून बसतोस.

३९.५ला थांबायचं. हा आकडा सत्राआधीच लिहून भिंतीवर लाव. ऐन वेळी खेळाडूशी घासाघीस नको. आकडा ठीक असूनही कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच बाहेर काढ. गार पाण्याचा टब पहिल्या दिवसापासून भरलेला हवा. उष्माघातात आधी थंड करायचं, रुग्णालयात नंतर न्यायचं. उलट क्रमाने जीव जातो.

घामाचा हिशेब वजनावर. अंग पुसून, कपड्यांविना, आधी आणि नंतर. ७०.० किलोचे ६८.९ झाले, मध्ये ०.६ लिटर पाणी प्यायलं, लघवी झाली नाही, म्हणजे घाम १.७ लिटर. वजन उलट वाढलेलं दिसलं तर सावध हो: पाणी गरजेपेक्षा जास्त गेलंय आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर उतरू शकतं. ‘भरपूर पाणी पी’ हा सरसकट सल्ला मला म्हणूनच खटकतो.

रक्तद्रव पहिल्या चार-पाच दिवसांत वाढतो, त्यामुळे नाडीही तेव्हाच उतरते. जास्त घाम, तोही लवकर सुटणारा आणि कमी खारट, हे जमायला दहा ते चौदा दिवस लागतात. पाचव्या दिवशी नाडी बघून ‘झालं’ म्हणणारे प्रशिक्षक तुला भेटतीलच. २०१९ साली दोहातली महिलांची जागतिक मॅरेथॉन उकाडा टाळायला मुद्दाम मध्यरात्री सुरू केली होती. तरीही ६८ पैकी २८ जणी शेवटच्या रेषेपर्यंत पोचल्या नाहीत.

पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मात्र भार तोच ठेवून चाचणी घे, घड्याळाच्या त्याच वेळेला. महिला खेळाडूंच्या बाबतीत मासिक पाळीचा टप्पाही तोच हवा. चक्राच्या उत्तरार्धात मूळ तापमानच ०.३ ते ०.५ अंश जास्त असतं, आणि तेवढ्याने निकाल फिरतो.

कमावलेलं टिकत नाही, रोज सुमारे अडीच टक्के गळतं. मुख्य सत्रं स्पर्धेच्या आठवडाभर आधी संपव, नंतर दर दोन-तीन दिवसांनी उजळणी दे. सरावानंतर ४० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवलंस तरी भागतं. आधी वीस मिनिटं, मग वाढवत चाळीसपर्यंत. उठताना हात दे. गरम पाण्याने पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, उभं राहताच रक्तदाब पडतो आणि माणूस टबाच्या काठावर आपटतो.

त्याच पंधरवड्यात उंच डोंगरावरच्या विरळ हवेतला सराव उरकायचा तुझा बेत सोड, दोन्ही ताण एकदम झेपणार नाहीत. उंचीवर जाणाऱ्यांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) मात्र आत्ताच तपासून घे. लोह कमी निघालं तर भरून यायला आठवडे लागतात. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही. गार पाण्यात पोहणाऱ्यांना आधी दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्या दे. पहिला धाप लावणारा धक्का निम्म्यावर येतो. बोटं मात्र गारठ्याला फारशी सरावत नाहीत, तिथे हातमोजेच.

पहिल्या सत्राचा तक्ता त्याच संध्याकाळी पाठव: दर पाच मिनिटांचं तापमान, नाडी, वॅट आणि दोन्ही वजनं. दुसऱ्या दिवसाचा भार त्यावरून ठरवू.