टॅब, लॅपटॉप, फोन – तिन्हींवर नोट्स ठेवायला कोणतं ॲप घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅमसंगचा पेनवाला टॅब घेतलाय, घरी दुसऱ्या कंपनीचा विंडोज लॅपटॉप आहे आणि तो भावाबरोबर वाटून वापरता, फोन रेडमीचा. राज्यसेवेचा अभ्यास मराठीतून चालू आहे, हाताने लिहायची सवय आहे, अभ्यासिकेत नेट धड नसतं, आणि ॲपसाठी दर महिन्याला पैसे भरायचे नाहीत.

आधी उत्तर देते. स्वतःच्या नोट्ससाठी मायक्रोसॉफ्टचं वननोट, पीडीएफवर खुणा करायला सॅमसंग नोट्स. दोनच, तिसरं घेऊ नका. का ते सविस्तर सांगते, कारण कारणं पटली नाहीत तर थोड्याच दिवसांत तुम्ही पुन्हा नवीन ॲप शोधायला लागाल आणि अभ्यासाचा वेळ त्यात जाईल. मी कॉलेजात भूगोल शिकवते. माझ्या तासांच्या नोट्स टॅबवरच असतात आणि स्पर्धा परीक्षेची मुलं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येत असतात.

ॲप निवडताना सगळे पेनाचे रंग, कव्हर, स्टिकर बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: उद्या हे ॲप सोडावं लागलं तर माझं लिखाण बाहेर कसं काढणार? खोली भाड्याने घेताना डिपॉझिट परत कसं मिळणार हे आपण आधी विचारतो, तसंच हे. ही भीती हवेतली नाही. गूगल नोटबुक नावाची सेवा २००६ मध्ये आली आणि २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोट एकेकाळी नोट्सच्या ॲपमध्ये सगळ्यांत नावाजलेलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोट्स आणि एका वहीची मर्यादा घातली. जुन्या नोट्स वाचता येत होत्या, बाहेर काढता येत होत्या, पण नवीन लिहायचं तर पैसे. आयपॅडवरच्या नोटॅबिलिटीने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकदाच विकत घ्यायची पद्धत सोडून वर्गणी आणली. आधी पैसे भरलेल्या लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा त्यांच्यापुरता तो निर्णय मागे घेतला. तुमची परीक्षा दोन-तीन वर्षं चालणारी आहे. तेवढ्या काळात ॲपचे नियम बदलणारच, असं धरूनच चाला.

टाइप केलेला मजकूर कुठूनही सहज निघतो. हाताने लिहिलेलं तसं निघत नाही. प्रत्येक ॲप पेनाच्या रेघा आपल्याच पद्धतीने साठवतं, त्यामुळे सॅमसंग नोट्समधलं पान वननोटमध्ये जसंच्या तसं, खोडता-सुधारता येईल असं, नेता येत नाही. बाहेर काढायचा खात्रीचा मार्ग एकच, पीडीएफ. पीडीएफ दहा वर्षांनीही उघडेल, पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे सरकवता येणार नाही. म्हणून जे नंतर वाढवायचं, बदलायचं आहे ते टाइप करा: चालू घडामोडी, आकडेवारी, कलमांची यादी. जे एकदा लिहून समजून घ्यायचं आहे ते हाताने: नकाशे, आकृत्या, नद्यांची खोरी, घटनाक्रम. एवढी विभागणी केलीत तरी पुढचा बराच त्रास वाचेल.

आता सॅमसंग नोट्सच सगळ्याला का नको? टॅबवर पेनाने लिहायला ते फार छान आहे. लिहिताना रेकॉर्डिंग करता येतं आणि नंतर ते लिखाणाशी जुळवून ऐकता येतं, पीडीएफ आत घेता येते, पीडीएफ किंवा वर्ड करून बाहेरही काढता येते. पण ते सॅमसंगच्या घरातलं ॲप आहे. विंडोजवरची त्याची आवृत्ती सॅमसंगच्याच गॅलेक्सी बुक लॅपटॉपसाठी आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर ती चालवायच्या युक्त्या व्हिडिओंमध्ये दाखवतात, पण परीक्षेच्या नोट्स अशा युक्तीवर टांगून ठेवू नका. तुमचा फोनही सॅमसंगचा नाही. म्हणजे तीन उपकरणांपैकी एकावरच ते नीट चालणार. फोन आणि लॅपटॉप दोन्ही सॅमसंगचे असते तर मी बिनधास्त तेच सांगितलं असतं.

वननोट अँड्रॉइड, विंडोज, मॅक, आयपॅड आणि साध्या ब्राउझरमध्येही चालतं. फुकट आहे. नोट्स वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, राहतात आणि तिथे ५ जीबी जागा फुकट मिळते. नुसत्या लिखाणाला ती भरपूर होते. जागा खातात ते मोठे पीडीएफ आणि रेकॉर्डिंग, म्हणून ते त्यात कोंबू नका. रचना वही, विभाग, पान अशी असते. पेपर म्हणजे वही, घटक म्हणजे विभाग, मुद्दा म्हणजे पान असं धरलंत की अभ्यासक्रम आपोआप बसतो.

लॅपटॉपवर घालताना एक बघा. ‘वननोट फॉर विंडोज १०’ नावाचं जुनं ॲप काही लॅपटॉपवर अजून असतं. त्याला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता त्यात फक्त वाचता येतं. नुसतं ‘वननोट’ नाव असलेलं घ्या. नोट्स बाहेर काढायची सोयही याच डेस्कटॉप आवृत्तीत चांगली आहे. फाइलमध्ये एक्स्पोर्टला गेलात की पान, विभाग किंवा अख्खी वही पीडीएफ करता येते. महिन्यातून एकदा प्रत्येक वहीची पीडीएफ काढून पेन ड्राइव्हवर टाकत जा.

वननोटचं पान चहूकडे वाढतं. लिहिताना हे आवडतं, पण पीडीएफ काढताना उजवीकडे पसरलेलं लिखाण तुटून भलत्याच पानावर जातं. म्हणून पान खाली कितीही वाढू द्या, उजवीकडे वाढू देऊ नका.

अभ्यासिकेतल्या नेटबद्दल. वननोटमध्ये एकदा उघडून सिंक झालेली, म्हणजे नेटवरच्या प्रतीशी जुळवून घेतलेली, वही नेट नसतानाही उघडते, त्यात लिहिताही येतं. गोंधळ होतो तो एकच पान दोन उपकरणांवर नेटशिवाय बदललं की. मग ॲपला कोणतं खरं हे कळत नाही आणि त्या पानाच्या दोन प्रती तयार होतात. त्यावर उपाय फक्त सवयीचा आहे. घरी आल्यावर टॅब वायफायला लावा, सिंक पूर्ण होऊ द्या, मगच लॅपटॉप उघडा. अभ्यासिकेत निघण्यापूर्वीही तसंच, लागणाऱ्या वह्या टॅबवर एकदा उघडून बघा.

आता मराठीचा भाग. ॲपची तुलना करणाऱ्या व्हिडिओंत हा जवळजवळ कधीच येत नाही आणि आपल्याला अडतं ते नेमकं इथेच. हाताने लिहिलेल्या मराठीत शोध लागतो का, हे जाहिरात वाचून ठरवू नका. तुमच्या स्वतःच्या अक्षरात ‘दुष्काळप्रवण क्षेत्र’, ‘कर्जरोखे’, ‘सार्वभौमत्व’ असे जोडाक्षरांचे आणि रफाराचे शब्द लिहा आणि मग शोधून बघा. सापडले तर आनंदच. तरीही त्यावर विसंबू नका, प्रत्येक हस्तलिखित पानाचं शीर्षक टाइप करा आणि खाली दोन-तीन कळीचे शब्दही टाइप करून ठेवा. ‘गोदावरी खोरे, जायकवाडी, सिंचन’ एवढं पुरतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेकडो पानांतून हवं ते पान काढायचं असेल तेव्हा हे तीन शब्द उपयोगी पडतील.

टाइप केलेल्या मराठीतही एक खाच आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे उमटतं. एक, सबंध एकच चिन्ह, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत, २००८ साली आलं. दुसरं, आधी ‘अ’ आणि त्यावर अर्धचंद्र असं जोडून केलेलं. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला मात्र वेगळी. त्यामुळे फोनवर लिहिलेलं ‘ॲटर्नी जनरल’ लॅपटॉपवर शोधताना सापडत नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी तो शब्द सोडून नुसतं ‘जनरल’ शोधा. आकड्यांचंही तसंच, देवनागरी की इंग्रजी हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. टॅब आणि फोन दोन्हींवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्ड ॲपचा मराठी कळफलक ठेवा. विंडोजवर मराठी फोनेटिक कळफलक २०१९ पासून आत आलेला आहे, फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडावा लागतो. जीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आहे, मोठा उतारा उतरवायला ती मला फार आवडते. आणि क्लासच्या जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्यातला मजकूर उचलून चिकटवू नका, निरर्थक अक्षरं येतील. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

पीडीएफ. बालभारतीची पुस्तकं, राज्याची आर्थिक पाहणी, लोकराज्यचे अंक हे सगळं तुम्ही पीडीएफमध्येच वाचणार. वननोट पीडीएफची पानं चित्रासारखी पानावर लावतं. दोन-चार पानांना ठीक आहे, पण आर्थिक पाहणीसारखा जाडजूड दस्तऐवज त्यात टाकला तर वही जड होते आणि सिंक रेंगाळतं. अशा फाइली सॅमसंग नोट्समध्ये उघडा, रंग द्या, समासात लिहा. वाचून झालं की पीडीएफ म्हणून काढून गूगल ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे फोनवरही वाचता येतील. त्यातले आठवणीत ठेवायचे मुद्दे मात्र स्वतःच्या शब्दांत वननोटमध्ये लिहा. नुसता पिवळा रंग दिलेलं पान परीक्षेत आठवत नाही, हे मी मुलांच्या बाबतीत अनेकदा पाहिलंय.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी हे सांगायलाच हवं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे आणि उत्तरं कागदावर पेनने लिहायची आहेत. काचेवर लिहिताना हात वेगळा चालतो, चुकलं की लगेच खोडता येतं, जागा संपत नाही. उत्तरलेखनाचा सराव टॅबवर अजिबात करू नका. तो कागदावर, घड्याळ लावून. लिहून झालेलं उत्तर गूगल ड्राइव्हच्या ॲपमधून स्कॅन केलं की थेट पीडीएफ तयार होते, ती ठेवा. काही महिन्यांनी जुनी उत्तरं ओळीने वाचलीत की कुठे सुधारलात आणि कुठे तिथेच आहात ते स्पष्ट दिसतं.

बाकीच्या ॲपबद्दल थोडक्यात. गूगल कीप याद्या आणि आठवणींसाठी चांगलं, अभ्यासाच्या वहीसाठी तोकडं. नोशनमध्ये पेनाने लिहिता येत नाही, तुमच्या कामाचं नाही. ऑब्सिडियन मला मनापासून आवडतं, कारण नोट्स साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच उपकरणावर राहतात. पण त्यांची स्वतःची सिंकची सोय पैसे देऊन मिळते आणि ते मुळात टाइप करणाऱ्यांचं ॲप आहे. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवरून फुकट सिंक होतं, नोट्स कुलूपबंदही ठेवता येतात. ज्याला हाताने लिहायचंच नाही त्याला मी तेच सांगते.

भावाबरोबरच्या लॅपटॉपचं काय? विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं खातं उघडा आणि त्यातूनच वननोट वापरा, नाहीतर चुकून दोघांच्या वह्या एका वनड्राइव्हवर मिसळतात आणि नंतर निस्तरायला वेळ जातो. वननोटमध्ये विभागाला पासवर्ड लावता येतो, पण तो विसरलात तर कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून अभ्यासाच्या विभागांना लावूच नका.

एक तुम्ही लिहिलं नाहीत: टॅबचं मॉडेल कोणतं, आणि पेन डब्यातच आला होता की वेगळा घेतला? टॅब एस६ लाइटसारख्यांबरोबर सॅमसंगचा स्वतःचा एस पेन येतो. तो टेकवलेला हात आणि पेनाचं टोक वेगळं ओळखतो, त्यामुळे तळहात काचेवर ठेवून लिहिता येतं. टॅब ए९ वर एस पेन चालत नाही. त्यावर रबरी टोकाचा साधा पेन घेतला असेल तर टॅबला तो बोटासारखाच वाटतो, तळहात टेकला की रेघा उमटतात आणि बारीक मराठी अक्षर त्याने काढणं अवघड जातं. तुमचा पेन असा असेल तर माझा सल्ला बदलतो. मग सगळं टाइप करा, जॉप्लिन घ्या, आणि आकृत्या कागदावर काढून त्यांचे फोटो नोट्समध्ये जोडा. मॉडेल कळवलंत तर कळफलकाच्या आणि सिंकच्या सेटिंग कुठे सापडतील ते लिहिते.