हवाईतल्या किलाउएआ इकी विवरात गाईडशिवाय, आईबाबांना घेऊन उतरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात हवाईच्या बिग आयलंडवर जाताय, सोबत साठी ओलांडलेले आईबाबा आहेत, टूरवाल्याने विवर दाखवायचे माणशी भरमसाट पैसे सांगितलेत, तर आपले आपण उतरून येणं जमेल का आणि धोका किती.

जमेल. आम्ही गेलो तेव्हा बाबा ६७ वर्षांचे होते, आई ६२ ची, आणि तिचा उजवा गुडघा पायऱ्या दिसल्या की कुरकुरतो. गाईड घेतला नाही आणि त्याची गरजही वाटली नाही. आपल्याकडच्या वाटांवर दगडावर रंगवलेले बाण शोधत फिरलेल्या माणसाला ही वाट म्हणजे बागेतली पायवाट वाटेल. नॅशनल पार्कची आखलेली वाट आहे, पाट्या आहेत. तळावर पायवाट उमटत नाही, तिथे दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. त्यांना ‘आहू’ म्हणतात. एकीवरून दुसरी दिसते, तसं चालत राहायचं. आपण हौसेने नवी लगोरी रचायची नाही, धुक्यात मागचा माणूस तिच्या मागे भलतीकडे जातो.

तुम्ही ‘लोणारसारखं विवर’ म्हटलंय. आकाराने दोन्ही खरंच जवळपास आहेत, पण लोणार उल्कापाताने झालं. आजूबाजूला सगळा काळा बेसाल्ट असल्यामुळे त्यालाही एके काळी ज्वालामुखीच समजत, एवढंच. किलाउएआ इकी मात्र अस्सल आहे. दीडेक किलोमीटर लांब, आणि कड्यापासून तळ साधारण १२० मीटर खाली. पूर्वी ते याच्या दुप्पट खोल होतं आणि आत झाडी होती. १४ नोव्हेंबर १९५९ ला दक्षिणेकडच्या भिंतीला भेग पडली आणि ३६ दिवसांत अर्धं विवर लाव्हाने भरलं. कारंजं थांबायचं, बराचसा लाव्हा परत त्याच तोंडातून खाली ओढला जायचा, मग पुन्हा उसळायचा, असं सतरा वेळा झालं. सर्वांत उंच कारंजं ५८० मीटरचं होतं. आतकरवाडीतून सिंहगड जेवढा वर दिसतो, जवळपास तेवढं. न्हाणीघरातल्या बादलीला पाण्याची रेघ उमटते, तशी तेव्हाच्या पातळीची काळी कड विवराच्या भिंतीवर सगळीकडे दिसते. खाली उतरल्यावर ती तुमच्या डोक्याच्या बरीच वर असते.

वाट गोल आहे, ५.३ किलोमीटर. भरभर चालणारे दोन तासांत संपवतात, आम्हाला साडेतीन लागले. किलाउएआ इकी ओव्हरलुकला गाडी लावा आणि घड्याळाच्या उलट दिशेने निघा. (आई म्हणाली, “उलटी प्रदक्षिणा?” मी म्हटलं, इथल्या देवीला चालते.) आधी कड्यावरचं जंगल लागतं, मग पश्चिमेकडून पायऱ्या आणि धोंड्यांचा उतार, मग तळ ओलांडायचा, आणि पूर्वेकडून नागमोडी वाटेने वर. चढ या बाजूने सोसतो. गुडघा दुखतो तो उतरतानाच, त्यामुळे काठी न्याच. बाबा नको म्हणतील. माझेही म्हणाले होते.

सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. हिलो शहराहून पाऊण तासाचा रस्ता आहे. आमच्या वेळी गाडीमागे ३० डॉलर पडले, ते सात दिवस चालतात. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा. स्वच्छतागृह वर नाहुकू या लाव्हाच्या बोगद्यापाशी आहे, म्हणजे वाटेच्या शेवटी. खाली पाणी नाही, सावली नाही. आणि हवाई म्हणजे समुद्रकिनारा समजून कोणी अर्ध्या चड्डीवर येऊ नका. कडा १२०० मीटरवर आहे, महाबळेश्वरहून थोडा कमी, आणि पाऊस कुठल्याही क्षणी येतो. मी सुती शर्टावर गेलो होतो, दोन तास कुडकुडलो.

आता तळ. पायऱ्या संपल्या की उखडलेल्या रस्त्यासारखं आडवंतिडवं पडलेलं काळं रान लागतं, कारण थंड होताना मधला भाग खचला आणि कडेचे थर मोडून उभे राहिले. पुढे मात्र सपाट, भेगाळलेलं, मे महिन्यातल्या तळ्यासारखं. तुम्ही चालता ते लाव्हाच्या तळ्याच्या झाकणावरून. १९५९ नंतर शास्त्रज्ञांनी याच सालीला वरून भोकं पाडत ती किती जाड झाली हे वर्षानुवर्षं मोजलं. आतला शेवटचा द्रव लाव्हा गोठायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. म्हणजे मी शाळेत जात होतो तेव्हाही खाली थोडं पातळ होतं! दगड अजून गरम आहेत. पावसाचं पाणी भेगांतून मुरतं आणि वाफ होऊन वर येतं. आईने एका भेगेवर तळहात धरला, तवा तापलाय का बघताना धरतात तसा, आणि म्हणाली, “भाकरी नाही टाकता यायची अजून.” तिच्या चष्म्यावर लगेच वाफ धरली. त्याच भेगेत बोटभर ओहियाचं रोप होतं, लाल फुलाचं. एवढ्या काळ्यात तेवढंच लाल.

बाबा पाटबंधारे खात्यात होते, जन्म खडक फोडण्यात गेला. ते वाकून वाकून दगड बघत बसले, तासभर तिथेच गेला. या दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोकं आहेत, रिकामी. आपल्या सह्याद्रीतल्या दगडातही तीच भोकं असतात, पण साडेसहा कोटी वर्षांत पाणी झिरपून त्यांत पांढरे स्फटिक भरलेत. विहीर खणताना निघतात ते. “म्हणजे हा आपलाच दगड, न भरलेला,” असं ते म्हणाले. एका तुकड्यात मुगाच्या कण्यांसारखे हिरवट दाणे होते, ते ऑलिविन नावाचं खनिज. समोरची पुऊ पुआई टेकडी त्यांना थेट लालसर मुरमाचा ढीग वाटली. ती कारंज्यातून उडालेल्या खडीचीच झाली आहे. तिच्या पायथ्याशी लाव्हाचं मूळ तोंड आहे, तिथे जायला बंदी आहे.

दगड खिशात घालायचा नाही, हा कायदा आहे. लोक चोरून नेतात आणि मग ज्वालामुखीची देवी पेले हिचा कोप झाला म्हणून पोस्टाने परत पाठवतात. बाबांनी निमूट खाली ठेवला.

धोक्याचं म्हणाल तर लाव्हा नाही, पडणं. बाबा मोबाईलवर फोटो काढत मागे सरकले आणि तळहातावर पडले. दगड काचेसारखा धारदार आहे, क्षणात सोललं. बँडेज आणि हातमोजे न्या, चपला-सँडल नकोत. तुमच्यापैकी कोणाला दमा असेल तर दुसरी गोष्ट: जवळच्या हालेमाउमाऊ विवरामध्ये डिसेंबर २०२४ पासून थांबून थांबून लाव्हाची कारंजी चालू आहेत, आणि वारा फिरला की सल्फर डायऑक्साइड इकडे येतो. अशा वेळी वाटा बंदही करतात. निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर बघा. आदल्या रात्री बघून उपयोग नाही.

तुमच्या आईचा गुडघा ऐनवेळी संपावर गेला तर डेव्हॅस्टेशन ट्रेल आहे. डांबरी, सपाट, एका बाजूने जेमतेम पाऊण किलोमीटर, आणि पुऊ पुआईची दुसरी बाजू दिसते. तुम्ही आणि बाबा विवरात उतरा, त्यांना तिकडे सोडा. पण आधी विचारा हं, परस्पर ठरवू नका. मी ठरवलं होतं. आई माझ्या आधी पायऱ्यांवर होती.

आणि वाटेच्या तोंडाशी बुटांसाठी ब्रश ठेवलेले असतात, ते वापरा. ओहियाच्या झाडांना एक बुरशी मारतेय आणि ती मातीतून पसरते. आत जाताना घासा, बाहेर पडतानाही.