अकागीवर पडलेला एक बॉम्ब

दुसऱ्या महायुद्धात जून 1942 मध्ये प्रशांत महासागरात झालेल्या मिडवेच्या लढाईत डिक बेस्ट या अमेरिकी वैमानिकाने एकाच बॉम्बने जपानची 'अकागी' ही विमानवाहू नौका संपवली, हे कितपत खरे आणि कितपत प्रचार, आणि पुढे त्या वैमानिकाचे काय झाले, असे आपण विचारले आहे. अकागीला थेट लागलेला बॉम्ब एकच होता आणि तो बेस्टचाच मानला जातो, एवढे खरे आहे. मात्र ती नौका जळाली ती बॉम्बपेक्षाही त्या क्षणी तिच्या पोटात जे भरले होते त्यामुळे. आणि बेस्टची खरी कामगिरी माझ्या मते त्याच्या नेमात नसून त्याआधीच्या काही सेकंदांत आहे.

अकागी ही ॲडमिरल नागुमोची ध्वजनौका. पर्ल हार्बरवरचा हल्ला तिच्याच नेतृत्वाखाली झाला होता आणि एप्रिल 1942 मध्ये याच ताफ्याने हिंदी महासागरात शिरून कोलंबो व त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकले आणि ब्रिटिशांची 'हर्मिस' ही विमानवाहू नौका बुडवली. (आपली 'विराट' पूर्वी 'हर्मिस' होती हे अनेकांना ठाऊक असते, त्यामुळे गोंधळ होतो, विराट ही त्याच नावाची नंतरची नौका.)

4 जून 1942 च्या सकाळी 'एंटरप्राइज' या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून निघालेल्या डाइव्ह बॉम्बरांचे (सूर मारत खाली येऊन बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचे) नेतृत्व वेड मॅक्लस्कीकडे होते. अपेक्षित ठिकाणी समुद्र रिकामा आढळल्यावर, इंधन संपत आले असतानाही त्याने शोध चालू ठेवला आणि एकट्याच वेगाने निघालेल्या 'अराशी' या जपानी विनाशिकेच्या रोखाने जाऊन ताफा गाठला. तोपर्यंत तीन अमेरिकी नौकांची 41 टॉर्पेडो विमाने तुकड्यातुकड्यांनी आली होती आणि त्यांतली बहुतेक पाडली जात होती. जपानी झिरो ही लढाऊ विमाने त्यांच्यामागे खालच्या उंचीवर गुंतल्यामुळे वरचे आकाश जवळजवळ मोकळे राहिले.

घोटाळा इथे झाला. दोन तुकड्या आणि दोन लक्ष्ये असतील, तर पुढच्या तुकडीने दूरची नौका घ्यायची आणि मागच्या तुकडीने जवळची, असा प्रघात होता. बेस्टची तुकडी मागे आणि खालच्या उंचीवर, सुमारे 15,000 फुटांवर होती, कारण त्याच्या एका विमानात प्राणवायूची अडचण आल्यामुळे त्याने स्वतःचा प्राणवायूचा मुखवटा काढून सगळ्यांनाच खाली आणले होते. जवळची 'कागा' ही विमानवाहू नौका आपली, असे त्याने गृहीत धरले. मॅक्लस्की मुळात लढाऊ विमानांचा वैमानिक, या पदावर नवा. तोही कागावरच झेपावला. बेस्ट सूर मारण्याच्या बेतात असताना मॅक्लस्कीची विमाने त्याच्या समोरून खाली कोसळत गेली आणि बेस्टच्या तुकडीतली बहुतेक विमानेही त्यांच्या मागोमाग गेली.

त्या क्षणी सगळ्यांबरोबर खाली जाणे सोपे होते, आणि तसे केल्याबद्दल कोणी बोलही लावला नसता. बेस्टने मात्र उघडलेल्या ब्रेकच्या झडपा मिटल्या, विमान सावरले आणि जवळ उरलेल्या क्रोगर आणि वेबर या दोघांना घेऊन तो अकागीकडे वळला. पंधरा विमानांच्या तुकडीचे काम आता तिघांवर आले. एकामागोमाग एक सूर मारण्याची नेहमीची पद्धत सोडून तिघे जवळजवळ एकत्रच खाली आले. मागच्या आसनावर बेस्टकडे पाठ करून बसलेला जेम्स मरे सूर मारताना आभाळाकडे तोंड करून होता. खालची नौका त्याला दिसत नव्हती.

वेळ साधारण 10:26. क्रोगरचा बॉम्ब नौकेच्या पुढच्या भागाजवळ पाण्यात पडला, वेबरचा पिछाडीच्या अगदी लगत. बेस्टचा 1000 पौंडी बॉम्ब विमाने वर-खाली नेणाऱ्या मधल्या लिफ्टच्या मागच्या कडेला लागून वरच्या हँगरमध्ये (डेकखाली विमाने ठेवण्याच्या दालनात) फुटला. तिथे इंधन भरलेली, टॉर्पेडो लावलेली विमाने उभी होती. सकाळी जमिनीवरील हल्ल्यासाठी शस्त्रे बदलण्याचा हुकूम आला होता, मग अमेरिकी जहाजे दिसल्याची बातमी आल्यावर तो फिरवला गेला आणि उतरवलेले बॉम्ब कोठारात न जाता तिथेच पडून राहिले. अमेरिकी नौकांचे हँगर बाजूंनी उघडे असत, त्यामुळे पेटलेले विमान समुद्रात ढकलता येई; जपानी हँगर बंदिस्त होते, त्यामुळे स्फोटाचा जोर आणि आग आतच कोंडली गेली. पुढे सुकाणूही अडकले. नागुमो 'नागारा' या क्रूझरवर गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जपानी विनाशिकांनीच टॉर्पेडो मारून अकागी बुडवली. तिच्यावरचे 267 जण मेले. त्याच सकाळी कागाला किमान चार बॉम्ब लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे अकागीच्या एका बॉम्बचे मोल कळते.

जपानी हल्ला पाच मिनिटांत उडणार होता, सगळी विमाने डेकवर रांगेत सज्ज होती, हे वर्णन मात्र आता सोडून द्यावे. ते मुख्यतः अकागीवरच असलेल्या फुचिदा या जपानी नौदल अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून रूढ झाले. जपानी नोंदींनुसार त्या सुमारास डेकवर संरक्षणासाठीच्या झिरो विमानांची ये-जा चालू होती आणि हल्ल्याची विमाने खाली हँगरमध्ये होती. नेमकी म्हणूनच बॉम्बने इतकी हानी केली. डेकवर रिकाम्या जागी फुटला असता तर कदाचित दुरुस्तीवर भागले असते.

आता दुसरा प्रश्न. बेस्ट त्याच दिवशी संध्याकाळी 'हिर्यू' या जपानी विमानवाहू नौकेवरच्या हल्ल्यातही गेला; तिला चार बॉम्ब लागले आणि त्यांतला एक त्याचा असावा, असे मानले जाते. वेबर त्या हल्ल्यातून परतला नाही. सकाळच्या उड्डाणात बेस्टच्या प्राणवायूच्या डब्यातील कॉस्टिक सोड्याचा वायू त्याच्या छातीत गेला होता. दुसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त पडू लागले आणि तपासणीत सुप्त क्षयरोग उफाळल्याचे आढळले. त्याला नेव्ही क्रॉस हे अमेरिकी नौदलाचे शौर्यपदक मिळाले, पण पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तो रुग्णालयात होता आणि 1944 मध्ये नौदलातून निवृत्त झाला. 4 जूननंतर तो पुन्हा कधीच लढाईत उडाला नाही. 2001 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. अकागीचे अवशेष सापडले ते 2019 मध्ये, पाच किलोमीटरहून अधिक खोल पाण्यात.