अ‍ॅक्टिव्हाचा मागचा टायर गुळगुळीत झालाय. नवीन टाकताना काय बघावं? पुढचाही सोबतच बदलावा का?

पैशाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. मागचा साइझ ९०/१००-१०, ट्यूबलेस, नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर दीड हजाराच्या आगेमागे. मजुरी वेगळी. एमआरएफ घ्यावा की सीएट यावर लोक तासन्‌तास भांडतात. कुठलाही घ्या. पण टायर कधीचा आहे ते कुणी विचारत नाही, आणि माझं सगळं रामायण तिथंच घडलं.

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. मला हे २०२२ साली ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या गाडीचा मागचा टायर पार गोटा झाला होता. आम्ही साताऱ्याचे, जूनच्या आत बदलणं भाग. आमचे दाजी एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. टायरमधलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत. "माझ्या ओळखीचा माणूस आहे, चल," म्हणाले. दुकानात चहा झाला, शंभर रुपये कमी झाले, आणि त्या शंभराचं कौतुक मी वर्षभर ऐकलं. पोऱ्याने सायलेन्सर उतरवला (अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक त्याशिवाय निघत नाही), टायर चढवला आणि सायलेन्सर जुन्याच गॅस्केटवर (सांध्यातून धूर फुटू नये म्हणून असते ती रिंग) परत बसवला. दुसऱ्या दिवसापासून गाडी फटफट आवाज करायला लागली. दाजी म्हणाले, "बुलेट झाली की रं तुझी!"

पुढच्या वर्षी भाद्रपदात आम्ही नवराबायको कासची फुलं बघायला गेलो. येताना यवतेश्वरचा घाट, रस्ता ओला, वळणावर मागचं चाक असं काही सरकलं की मी पाय टेकवला म्हणून वाचलो. बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझा शर्ट मागून मुठीत धरला, तो समर्थ मंदिर येईपर्यंत सोडला नाही.

खाली पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो, तर ती निम्मीच. त्याने साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे आले ते रिमच्या कडेनं. "पंक्चर नाही साहेब, टायर वाळलाय." मी म्हटलं, अहो, नक्षी तर अजून भरपूर आहे. त्याने दोन अंगठे लावून खाच फाकवून दाखवली. आत बारीक चिरा, एकीला लागून एक, हिवाळ्यात टाचेला पडतात तशा. मग थुंकी लावून बाजूचा चिखल पुसला आणि वाचून दाखवलं: १११८. म्हणजे मार्च २०१८. मी नवा म्हणून पैसे मोजले तेव्हाच तो चार वर्षांचा होता. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली टायरांची माळ मला तेव्हा आठवली.

दाजींना घेऊन दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "वर्षभर वापरला की तुम्ही! आणि रबराला कुठं तारीख असती? दूध हाय का ते?" यावर दाजी हसले. माझ्या बाजूने आलेला माणूस हसला! वर म्हणे, "एसटीचे टायर आम्ही रिमोल्ड करून करून पळवले. तुला चार वर्षांचा नवा टायर टोचतोय होय?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, ते इथं देतो. दाजी, एसटीला मागं चार चाकं. एकानं दगा दिला तर तीन उरतात. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेले टायर, तुम्ही मागं चालवत होता, पुढं घालत नव्हता, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलंय. आणि डेपोत टायर तपासायला माणूस असतो. माझ्या गाडीला मागं एकच चाक आहे, आणि त्याच्यावर तुमची ओळख सोडून दुसरं काही तपासलेलं नव्हतं.

असो. तर तुम्ही टायर हातात घ्या, आकडे वाचा, मग पैसे काढा. सहा-आठ महिन्यांचा असेल तर खुशाल घ्या. टायर काढलाच आहे तर वॉल्व्ह नवा टाका, किरकोळ पैशाचं काम आहे. रिमच्या कडेचा गंज घासायला लावा, नाहीतर हवा तिथूनच जाते. ब्रेकचे लायनर बघून घ्या, ड्रम उघडाच असतो. सायलेन्सरचं गॅस्केट नवंच. टायरवरचा बाण चाक पुढं फिरतं त्या दिशेला हवा. नव्या टायरवर पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नका, वरचा तुळतुळीतपणा जायला वेळ लागतो.

पुढच्याचं म्हणाल तर तो सावकाश झिजतो. खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या (टायर किती झिजला ते दाखवणारी खूण) उंचवट्यापर्यंत झिजला नसेल आणि चिरा नसतील तर राहू द्या. दोन्ही एकदम बदला म्हणणारा बहुधा टायर विकणारा असतो. तुमची गाडी अ‍ॅक्टिव्हाचं सिक्स-जी मॉडेल असेल तर पुढचं चाक बारा इंची आहे, मागचा टायर पुढं टाकायची जुनी युक्ती तिथं चालायची नाही.

आता खरं तेही सांगतो. सावलीत, नीट ठेवलेला जुना टायर लगेच खराब होतो असं नाही, आणि त्या दिवशी घाटात शेवाळ, चिखल आणि निम्मी हवा हेही होतंच. सगळा दोष त्या चार आकड्यांचा नसेल. दाजींसमोर मात्र मी हे कबूल करणार नाही.

यंदा भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. दाजी आत फराळाला बसले तेव्हा मी खाली जाऊन त्यांच्या स्कूटरचा मागचा टायर वाकून वाचला. ०९१७. दाजींना काही बोललो नाही. ताईला तेवढं सांगून आलो, पावसात यांच्या मागं बसू नकोस.