ब्रेसलेटचा कोड ठरवण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

चीनमधून मागवायच्या ब्रेसलेटची तुझी यादी पाहिली. सिंहस्थात रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत मनगटात घालायच्या वस्तू हातोहात खपतील, हा हिशोब ठीक आहे. दर आणि नगही नीट मांडलेस. पण सगळ्या मालापुढे कस्टम्सचा एकच कोड दिसला, 7117 19 90 (साध्या धातूचे इतर नकली दागिने), आणि तिथे मी थांबलो. आयात शुल्क या कोडवरूनच ठरतं. चीनमधल्या यिवूच्या व्यापाऱ्याने इनव्हॉइसवर तोच टाकलाय म्हणून तूही तोच धरलास ना? त्याचा काय दोष! त्याला माल विकायचाय. आपल्याकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयात फॉर्म, भरताना वर्गीकरण आयातदारानेच करायचं असतं, 2011 पासून तसा कायदाच आहे. सीएचए, म्हणजे कस्टम्सचा एजंट, फॉर्म भरेल, पण नोटीस तुझ्या नावाने येईल.

ब्रेसलेट फॅशनचं की वेलनेसचं, हे टॅरिफ, म्हणजे कस्टम्सचं कोड आणि दरांचं पुस्तक, विचारत नाही. ते कशाचं बनलंय, एवढंच विचारतं. म्हणून आधी त्यातल्या 71व्या, दागिन्यांच्या अध्यायाच्या सुरुवातीच्या चॅप्टर नोट्स वाच, मग कोडच्या ओळी. बहुतेक जण उलट करतात. कोडच्या यादीत ‘इमिटेशन’ शब्द शोधतात आणि सापडला की पुस्तक मिटतात.

नोट 11 दोनदा वाच. नकली दागिना कोणता, हे तिथे सांगितलंय. ज्यात नैसर्गिक किंवा कल्चर्ड मोती नाही, मौल्यवान किंवा उपरत्नाचा खडा नाही आणि मौल्यवान धातू नाही, तोच 7117 मध्ये बसतो. धातूला तिथे सूट आहे: मुलामा असेल किंवा एखादा किरकोळ भाग असेल तर चालतं. म्हणून पितळेवर सोन्याचं पाणी दिलेलं कडं नकलीच राहतं. खड्याला मात्र अशी सूट दिलेली नाही. शिवाय खडा नैसर्गिक असो, कृत्रिम असो की पुनर्रचित, तिन्ही एकाच वाक्यात बाहेर काढलेत. तुझ्या यादीतलं ते ‘चक्र’ ब्रेसलेट घे. लाकडी मणी आणि मधे एक जांभळा. तो मणी काचेचा असेल तर 7117 90. खरा अ‍ॅमेथिस्ट असेल तर त्या नोटप्रमाणे ते नकली दागिन्यातून बाहेर पडतं आणि 7116 चा, म्हणजे मोती आणि खड्यांच्या वस्तूंच्या हेडिंगचा, विचार करावा लागतो. अख्खी माळच अकीक, टायगर आय किंवा रोझ क्वार्ट्झची, इलॅस्टिक दोऱ्यात ओवलेली असेल, तर शंकाच नको: 7116 20.

इथे एक गंमत आहे. आपल्या आठ आकडी यादीत 7117 90 10 या ओळीत नकली मोती आणि नकली किंवा ‘सिंथेटिक’ खडे जडवलेले दागिने असं लिहिलंय. ते वाचून प्रयोगशाळेत बनवलेला खडाही इथेच बसेल असं कुणालाही वाटेल. पण 7117 सारख्या चार आकडी हेडिंगमध्ये वस्तू बसली तरच खालच्या ओळीकडे जायचं असतं, आणि हेडिंगचा दरवाजा नोट 11 ने आधीच बंद केलाय.

चांदीच्या मालाला 7113. मिश्रधातूत वजनाने 2 टक्के किंवा जास्त चांदी असली (सोनं-प्लॅटिनम तेवढं नसताना) तरी तो चांदीचाच धरतात. ‘तिबेटी सिल्व्हर’ म्हणून येणारा माल बहुधा जस्ताचा किंवा निकेलचा असतो, पण नाव वाचून ठरवू नकोस, आपल्या सराफ बाजारात तपासून घे. तांब्याचं साधं कडं 7117 19 मध्ये, आणि त्यातही बांगडी असेल तर 7117 19 10. काचेच्या बांगड्या तर पार वेगळ्या, 7018 मध्ये.

चुंबकाच्या ब्रेसलेटवर तू ‘आरोग्य’ लिहून 90व्या, वैद्यकीय उपकरणांच्या अध्यायाकडे बघतेस, ते सोड. मनगटावर शोभेसाठी घालतात तो दागिना. डबीवरच्या दाव्याने तो वैद्यकीय उपकरण होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो दावा छापण्याआधी 1954 चा औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा वाच. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात त्यात बसते. पावलं मोजणारे बँड निराळेच, ते 85व्या अध्यायात जातात आणि त्यांना वायरलेसची मंजुरीही लागते. पहिल्या खेपेत ते नकोतच.

आता पैशाचं. नकली दागिन्यांवर नुसता टक्का नसतो. 2022 च्या अर्थसंकल्पाने किलोमागे किमान 400 रुपये शुल्क आणलं, 2023 ला ते 25 टक्के किंवा किलोला 600 रुपये, जे जास्त असेल ते, असं झालं. 20 ग्रॅमच्या कड्याला 600 च्या हिशोबाने 12 रुपये पडतात. म्हणजे नगाची किंमत 48 रुपयांपेक्षा कमी असेल तर टक्का गैरलागू, वजनच बोलतं. तुझा अर्धा माल तसलाच आहे. स्वस्त आणि जड, हे या कोडखाली सगळ्यात वाईट. आजची अधिसूचना काढून दर पक्का कर, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज आणि आयजीएसटी धर, मगच विक्रीची किंमत लिही.

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून प्रत्येक मालाचं लेखी वर्णन घे. ‘फॅशन ब्रेसलेट’ एवढं चालणार नाही. मणी कशाचा, नैसर्गिक, सिंथेटिक की काच, दोरा कशाचा, हूक कोणत्या धातूचा, नगाचं वजन किती. तो टाळाटाळ करायला लागला तर तो माल यादीतून काढून टाक. खड्यांचे नमुने आधी कुरिअरने मागवून इथे तपासून घे. न्हावा शेव्याला कंटेनर उभा असताना नमुना लॅबला गेला तर डिमरेज, म्हणजे माल अडकून राहिल्याचं भाडं, तूच भरशील.

तरीही घोळ राहिला आणि माल मोठा असला, तर कोड कोणता हे आधीच ठरवून घ्यायला मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो निर्णय अर्जदार आणि कस्टम्स दोघांवर बंधनकारक असतो आणि कायदा बदलला नाही तर तीन वर्षं टिकतो. छोट्या खेपेला एवढा खटाटोप परवडत नाही. तिथे वर्णन पूर्ण आणि खरं लिहून तात्पुरती आकारणी, म्हणजे शुल्क आधी तात्पुरतं आणि पक्कं नंतर, मागणं बरं. वर्णन लपवलं नसेल तर मागची वसुली साधारण दोन वर्षांपुरती निघते. लपवलं असं ठरलं तर पाच वर्षं मागे जातात आणि शुल्काइतकाच दंडही बसू शकतो.

नवी यादी कर. कोडचा रकाना सध्या रिकामाच ठेव, त्याजागी मणी, दोरा, हूक आणि वजन असे चार रकाने घाल. ते भरले की ये, कोड आपण मिळून लिहू.

तुझा,
काका