रॉड माझाच का चिकटतो?

मागच्या खेपेला फाटकाच्या बिजागरीवर लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती वेल्डिंग घरच्या घरी, मोबाइलवर बघून शिकण्याबद्दल. त्यातली तीन घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्या बऱ्याच पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : सर, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला शेतकरी, वय ३४. दर हंगामाला कोळप्याची पास, ट्रॉलीचा फाळका, गोठ्याचं फाटक असं काहीतरी मोडतं आणि वर्कशॉपसमोर दोन-दोन दिवस ताटकळावं लागतं. म्हणून दिवाळीत २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घेतलं. दोन महिने रोज रात्री व्हिडिओ बघतोय. मराठी, हिंदी, इंग्रजी, काही सोडलं नाही. त्यांचा रॉड कसा सरळ चालत जातो! माझा चिकटतो, नाहीतर पाइपाला भोक पाडतो. एक इंची चौकोनी पाइप आहे, १८ गेज. रॉड ३.१५ मिलिमीटरचा. नेमके कुठले व्हिडिओ बघू? नावं सांगा.

उत्तर : नावं सांगतो, पण आधी तो पाइप बाजूला ठेवा. १८ गेज म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर पत्रा. त्यावर ३.१५ चा रॉड लावला तर भोक पडणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवला. पहिले कित्येक आठवडे पोरांना पातळ पाइपाच्या जवळपाससुद्धा फिरकू दिलं नाही. तुम्ही बघितलेला माणूस बहुतेक जाड पट्टीवर काम करत होता. फक्त ते त्यानं सांगितलं नाही.

हे न सांगणं मलाही चांगलंच भोवलंय. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून टिगचं (टंगस्टनच्या सुईनं, वायूच्या आडोशानं जोडायचं) मशीन घेतलं आणि व्हिडिओ बघून ॲल्युमिनियम जोडायला बसलो. नोकरीत सगळं आयुष्य लोखंडात गेलेलं. दोन दिवस झटलो. ॲल्युमिनियम आतून पातळ व्हायचं, वर मात्र एक कातडं तसंच राहायचं, आणि मग सगळा लोळागोळा काळा होऊन खाली गळायचा. तिसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, तेव्हा त्या माणसाच्या मशीनच्या एका खटक्याकडे लक्ष गेलं. तो एसीवर होता. माझ्या मशीनला एसी नव्हतंच, ते नुसतं डीसी. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशाला, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढे. तो पापुद्रा फोडायला एसी लागतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत विचारलेलंही होतं! पण समोर व्हिडिओ चालू असला की माणूस हात बघतो, मशीन बघत नाही.

म्हणून व्हिडिओ निवडायची माझी पहिली चाळणी अशी. ठिणगी पडायच्या आधी त्या माणसानं चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : रॉड कुठला आणि किती जाड, करंट किती, लोखंडाची जाडी किती, आणि रॉड प्लसला लावलाय की मायनसला. नाही सांगितल्या तर व्हिडिओ बंद. मग त्याला दहा लाख लोकांनी बघितलेलं असो.

दुसरी चाळणी जास्त महत्त्वाची. कॅमेरा वेल्डिंगच्या काळ्या काचेआडून लावलाय का, ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिडिओंत नुसता पांढरा लख्ख गोळा दिसतो, फटाका उडाल्यासारखा, आणि मग एकदम खपली (वेल्डवर जमणारं रॉडच्या लेपाचं कवच) काढलेला चकचकीत वेल्ड. मधलं शिक्षण कुठंच दिसत नाही. चांगल्या व्हिडिओत काचेतून रस दिसतो. रॉडच्या टोकाशी झगझगीत ठिपका, त्याच्या लगेच मागे ओला, चमकणारा लोखंडाचा रस, आणि त्याच्यामागून येणारी जरा मंद, तांबूस, सुरकुतलेली खपली. दुधावरची साय फुंकर मारली की मागे सरकते ना, तशी ती रसाच्या मागे राहिली पाहिजे. ती पुढे आली, रॉडच्या खाली शिरली, की वरून वेल्ड छान दिसतो आणि आत खपली अडकलेली असते. ट्रॉलीचा फाळका तिथंच तुटतो. साय पुढे यायला लागली की रॉड चालायच्या दिशेला थोडा आणखी कलवायचा, अंतर कमी करायचं, तरी नाही जमलं तर करंट पाच-दहा अँपिअरनं वाढवायचा. रस कुठला आणि खपली कुठली हे ज्या दिवशी काचेतून वेगळं दिसेल, त्या दिवशी निम्मं वेल्डिंग आलं समजा. शिकाऊ माणूस ठिपक्याकडे बघत राहतो. बघायचं असतं ठिपक्याच्या मागे.

आता नावं. सुरुवात सरकारी घरातून करा. चेन्नईच्या ‘निमी’ या संस्थेची आयटीआयची पुस्तकं आणि ‘भारतस्किल्स’ हे संकेतस्थळ, दोन्हींत वेल्डर ट्रेडचं साहित्य मिळतं. बघायला रटाळ. बातम्या वाचल्यासारखा आवाज असतो. पण क्रम बरोबर असतो, आणि तुम्हाला सध्या क्रमाचीच गरज आहे. आधी नुसता आर्क पेटवणं, मग सपाट पट्टीवर सरळ रन, म्हणजे वेल्डची रेघ, मग टी-जॉइंट, मग लॅप, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांचा जोड. उभं आणि डोक्यावरचं वेल्डिंग नंतर. एनपीटीएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, ती अभियंत्यांसाठी. तुमच्या फाटकाला त्यांचा आत्ता उपयोग नाही.

इंग्रजीतला माझा आवडता माणूस म्हणजे अमेरिकेतला जोडी कॉलियर, ‘वेल्डिंग टिप्स अँड ट्रिक्स’वाला. काचेआडून रस दाखवावा तर यानंच. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल, आवाज बंद करूनच बघा. फक्त अमेरिकेचं सामान वेगळं असतं हे विसरू नका. त्यांचा एक अष्टमांश इंची रॉड म्हणजे आपला ३.१५, आणि तीन बत्तिसांश म्हणजे साधारण आपला अडीचचा. ते लोक साठ-दहा, साठ-अकरा (६०१०, ६०११) नंबरचे रॉड बरेच वापरतात. त्या रॉडला पुढे झटका देऊन परत मागे आणायची एक लकब आहे, बघायला फार देखणी. आपल्या दुकानात मिळतो तो साठ-तेरा (६०१३). त्याला ती लकब केली की खपली आत अडकलीच म्हणून समजा. साठ-तेरा टेकवत, शांतपणे ओढत न्यायचा. नाचवायचा नाही.

तुमच्यासाठी पहिला महिना असा. भंगारवाल्याकडून ५० बाय ६ मिलिमीटरची पट्टी किलोच्या भावानं आणा. रॉड अडीचचा, साठ-तेरा, करंट ७५ ते ८५ अँपिअर. एका किलोत पन्नासेक रॉड येतात. ते सगळे नुसत्या सरळ रेघा मारण्यात जाळा, काही जोडू नका. मशीनच्या आकड्यावर मात्र फार विश्वास ठेवू नका. गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं आणि ८० दाखवणारं मशीन ६० चं काम करतं. कानानं ओळखायचं. बारीक, एकसारखा चर्र आवाज आला की ठीक. लाह्या फुटल्यासारखं फट-फट झालं की रॉड लांब धरलाय. आवाज घुसमटून थांबला की चिकटला.

चिकटण्याची कारणं बहुतेक वेळा तुमच्या हाताच्या कसबात नसतातच, सामानात असतात. अर्थिंगचा चिमटा रंगावर किंवा गंजावर लावलाय का? तिथं घासून लोखंड उघडं करा. मशीनला बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावलंय का? अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या, आणि वेटोळं सोडून पसरून टाका, नाहीतर ती गुंडाळीतच तापते. रॉडचा पुडा पावसाळ्यापासून उघडा पडलाय का? दमट रॉड धड पेटत नाही.

आणि एक युक्ती, जी आमच्या वेळी नव्हती. वेल्डिंगची एक सुटी काच, १० किंवा ११ नंबरची, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चिकटपट्टीनं लावा, मोबाइल विटेला टेकवून ठेवा आणि स्वतःचंच चित्रण करा. काचेशिवाय करू नका, कॅमेरा खराब होईल. रात्री व्हिडिओ बघायचेच असतील तर दुसऱ्यांचे दहा बघण्यापेक्षा स्वतःचा एक बघा. माझ्या पुतण्याला मी ‘अंतर कमी कर’ असं शंभरदा सांगितलं, ऐकलं नाही. स्वतःचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, काका, रॉड किती वर धरलाय मी!

जाता जाता : ‘मशीनशिवाय वेल्डिंग’ म्हणून बादलीत मीठ घालून सरळ घरच्या लाइनवर रॉड जाळणारे व्हिडिओ तुम्हाला दिसले असतील. मशीन काय करतं, तर तुम्हाला लाइनपासून वेगळं ठेवतं. ती बादली ठेवत नाही. तिथं होल्डर आणि समोरचं लोखंड दोन्ही थेट २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेलं, आणि तुम्ही ओल्या जमिनीवर उभे. असला व्हिडिओ गावातल्या पोरांच्या मोबाइलवर दिसला तर तिथल्या तिथं पुसायला लावा. कुणी मरायला दुसरा झटका लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. मोबाइलवर बघून गच्चीवर वेल्डिंग करतो. परवा रात्री एकच्या सुमारास उठून बसला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून रडायला लागला. शेजारच्या काकूंनी बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगितल्या. संध्याकाळी त्याला नुसतं थंडी वाजून तापासारखंही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. हे दोन्ही वेल्डिंगमुळे का? बंद करायला सांगू का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, दोन्ही वेल्डिंगमुळेच असावं. डोळ्यांचं सांगतो, कारण मी स्वतः शिकाऊ असताना ती रात्र काढलीय. दिवसभर काही वाटत नाही. दुसरा कुणी रॉड पेटवत असताना तुम्ही बाजूला उभे राहून चार-पाच वेळा सहज बघता, आणि सहा-आठ तासांनी, भर झोपेत, पापणी मिटली तरी टोचतं, उघडली तरी टोचतं. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर पोळलेला असतो. उन्हानं कातडी भाजते तोच प्रकार. बटाट्यानं थंड वाटतं, त्यापलीकडे काही होत नाही, आणि कच्ची चकती डोळ्याला न लावलेली बरी. थंड पाण्याची घडी पापणीवर ठेवा, अंधारात झोपू द्या आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. भूल देणारे थेंब दुकानातून आणून घालत बसू नका. दुखणं थांबतं, पण डोळ्याची जखम भरून यायला जास्त वेळ लागतो.

तापाचं कारण शोधायला तो काय जोडत होता ते बघा. गॅल्व्हनाइज्ड पाइप होता का? पांढरट चकाकीचा, पाण्याच्या जुन्या लाइनीसारखा? त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की काही तासांनी हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. दिवसा-दोन दिवसांत उतरते, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. वर्कशॉपमध्ये यावर दूध-गूळ खायची पद्धत आहे. खाऊ दे, पण त्यानं जस्त उतरत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर ग्राइंडरनं घासून काढायचा (तेव्हा नाकाला मास्क आणि डोळ्याला चष्मा), आणि वारा पाठीकडून नको, बाजूनं हवा. वाऱ्याकडे पाठ केली की धूर फिरून तोंडाशीच येतो. दम लागला किंवा ताप उतरला नाही तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

बंद करायला सांगू नका. तुमच्या मागे लागून त्याला चार वस्तू घेऊ द्या : ११ नंबर काचेचा डोक्यावर बसणारा हेल्मेट, हातात धरायचा नको. चामड्याचे हातमोजे. बंद बूट. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. पोरं नायलॉनची टी-शर्ट आणि स्लीपर घालून बसतात, आणि पायाच्या बोटांमध्ये ठिणगी शिरली की हेल्मेट फेकून नाचतात. आणि गच्चीवर पाणी साचलेलं असेल त्या दिवशी सुट्टी.

प्रश्न : म्हापशाला माझं ग्रीलचं छोटं दुकान आहे, वय ५२. काम येतं, पण सगळं बघून-बघून शिकलेलं. व्हिडिओचा कोर्स पूर्ण केल्यावर ऑनलाइन सर्टिफिकेट देतात, ते घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : भिंतीला लावायला घ्या. वेल्डरची परीक्षा कागदावर होत नाही, जोड तोडून होते. रीतसर कागद हवा असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास पुरते. जवळच्या आयटीआयत जाऊन चौकशी करा.

पण तुम्हाला खरं तर स्वतःचं काम तपासायचंय असं पत्रावरून वाटतं. ते दुकानातच होईल. ६ मिलिमीटरच्या पट्टीचे दोन तुकडे घ्या, एकावर दुसरा उभा धरून टी करा आणि फक्त एकाच बाजूनं वेल्ड मारा. गार झालं की उभा तुकडा वेल्डच्या बाजूला घणानं झोपवा, म्हणजे जोडाचं मूळ उघडं पडेल. तुटला तर तुटलेल्या तोंडात बघा. मुळापर्यंत करडं, दाणेदार लोखंड दिसलं तर उत्तम. काळी काचेसारखी रेघ दिसली तर खपली अडकली होती. बारीक भोकं दिसली तर रॉड दमट किंवा पट्टी तेलकट होती. कोपऱ्याची मूळ कड जशीच्या तशी शाबूत दिसली तर वेल्ड नुसता वर बसला होता, आत गेलाच नव्हता. करंट वाढवून परत करा. मला फोटो पाठवणार असाल तर वरून चकचकीत वेल्डचा नको, त्या तुटलेल्या तोंडाचा पाठवा.